लाल खिडकीतला सात

सोमलिंग सर कशालाही भीत नसत. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती. धाराशिवच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवून ते रिटायर झाले, तोवर चौकात कुणी दृष्ट उतरून टाकलेली लिंबं वेचून त्यांनी शिक्षकांच्या खोलीत कितीतरी वेळा सरबत केलं होतं. ते सरबत फक्त तेच पीत, हा भाग वेगळा. एकदा त्यांनी स्मशानात ‘भूत दाखवा’ असा जाहीर कार्यक्रम ठेवला होता. भूत आलं नाही, प्रेक्षकही आले नाहीत. पैकी पहिल्या गोष्टीचा सरांनी अहवालात ठळक उल्लेख केला.

अशा माणसाला यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एका डब्याची भीती वाटायला लागली.

डबा कपाटावर होता, टॉवेलाखाली. टॉवेल सरांनीच टाकला होता, धूळ बसू नये म्हणून. असं ते म्हणत. डब्याला पुढं दोन डोळे होते, एकावर एक, आणि पाठीला शेंगदाण्याएवढी लाल काचेची खिडकी. त्या खिडकीत एक आकडा दिसे. सरांना डोळ्यांची भीती वाटत नव्हती. त्यांना भीती होती ती त्या आकड्याची, आणि तो आता तिथं दिसतही नव्हता.

हे सगळं सुरू झालं सोलापूरच्या डॉक्टरांपासून. सरांच्या पत्नी शिवकन्याबाई जिना चढताना थांबायला लागल्या होत्या. आधी वरच्या पायरीवर, मग मधल्या, मग पहिल्याच. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलावी लागेल, असं सांगितलं. सांगताना त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. सरांनी ते चित्र बघून, “उजवा कप्पा जरा लहान काढलात,” असं म्हटलं.

परत येताना एस.टी.त शिवकन्याबाई तुळजापूरपर्यंत झोपल्या. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की ते फोटोग्राफी शिकणार आहेत.

“आत्ता?” बाई म्हणाल्या.

“छंद हवा माणसाला.”

“मोबाईल हाय की.”

पण सरांना मोबाईलचा फोटो नको होता. त्यांनी कुणा दाढीवाल्या पोराचा व्हिडिओ पाहिला होता. तो म्हणत होता की जुन्या पद्धतीचा रुंद रोल घालणारे कॅमेरे अजून स्वस्तात मिळतात, त्यांची निगेटिव्ह तळहातावर मावेल एवढी मोठी, चौकोनी असते, आणि तिच्यावरून काढलेल्या फोटोत माणसाच्या भुवईचा केसन् केस मोजता येतो. एका रोलवर फोटो बाराच. म्हणून माणूस विचार करून बटन दाबतो. हे ‘विचार करून’ सरांना फार आवडलं. मग ते कॉलनीत दिसेल त्याला चौकोनी निगेटिव्हचे फायदे समजावून सांगू लागले. लोक सरांना बघून रस्ता बदलायचे, पण ते आधीही बदलत.

बायकोच्या भुवईचा केसन् केस दिसेल असा मोठा, काळा-पांढरा फोटो आपल्याला नेमका याच महिन्यात का हवा झाला, हे सरांनी स्वतःला विचारलं नाही. शिवकन्याबाईंचे बंधू विरेश यांनी मुरुमहून फोन केला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

“दाजी, कशाला नवं-जुनं हुडकताव? आमच्या शिवलिंगप्पाचा कॅमेरा पडून हाय की. स्टुडिओ तर कवाच बंद झाला. वीरप्पा म्हणतोय, न्या म्हणून. जपानी माल हाय, वाण्याच्या तराजूवानी भक्कम.”

शिवलिंगप्पा म्हणजे मुरुमच्या पेठेतला जुना फोटोग्राफर. तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, आणि वीरप्पा हा त्याचा मुलगा. त्यानं स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं विकायला काढली होती. कॅमेरा एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती, ज्वारीच्या पिठाच्या पिशवीत, धाराशिवला आला. सरांनी स्टँडवरून तो छातीशी धरून घरी आणला.

आत एक रोल आधीच होता. अर्धा वापरलेला. लाल खिडकीत ‘७’ दिसत होता. पुढचे फोटो फुकट! सरांनी नवा रोल पुण्याहून मागवला होता, पण तो यायचा होता, आणि शिकणाऱ्यानं शिकाऊ रोलवरच शिकावं हे त्यांना शास्त्रीय वाटलं. त्याच संध्याकाळी उन्हं कलताना त्यांनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली.

“बस.”

शिवकन्याबाई डाळीचा हात पदराला पुसत बसल्या. सर कॅमेरा पोटाशी धरून वरून आत डोकावले. या कॅमेऱ्यात समोर बघायचं नसतं, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं असतं.

“देवाला नमस्कार करताय का मला?”

“हलू नको. जरा डावीकडं सरक.”

काचेत सगळं उलट दिसे. बाई डावीकडं सरकल्या की काचेत उजवीकडं जात. सर त्यांच्या मागं कॅमेरा वळवत, आणि बाई चौकटीतून निसटून जात. असं तीनदा झालं. काचेतली शिवकन्या छोटी, चकचकीत, पाण्यात बसल्यासारखी दिसत होती, आणि दर वेळी काठाबाहेर जात होती.

“अहो,” बाई हळूच म्हणाल्या, “भिंतीसाठी काढताय का?”

सर एकदम वर बघायला गेले आणि त्याच वेळी त्यांचं बोट बटनावर पडलं. ‘टिक’ एवढाच आवाज झाला. लग्नाच्या कॅमेऱ्यासारखा भक्क नाही की काही नाही.

“काहीतरीच बोलतेस,” सर म्हणाले.

मग त्यांनी बाजूची खुंटी फिरवली. कर्र, कर्र, कर्र. लाल खिडकीतला सात सरकून गेला आणि आठ आला. आठव्यावर त्यांनी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढला, कारण टाकी हलत नव्हती.

*

वीरप्पाला फोन त्यांनी अगदी साध्या कारणासाठी केला. रोल धुवायचा तर तो कुठल्या जातीचा, किती वेगाचा, हे कळायला हवं होतं.

“रोल हाय त्यात?” वीरप्पा चकित झाला. “मला वाटलं रिकामा हाय. मग सर, त्यो बाबांचा शेवटचाच रोल. तुमी फोटो काढले का काय त्याच्यावर?”

“एक-दोन. का?”

पलीकडं कुणीतरी मोबाईलच्या कव्हरचा भाव विचारत होतं. वीरप्पानं त्याला थांबवलं.

“न्हाई, म्हंजे काय न्हाई. लग्नाकार्याला आमचा डिजिटल होता बघा. हा डब्बा बाबा फकस्त मयताला न्यायचे.”

सरांनी ‘हं’ केलं. त्यांच्या सासुरवाडीला आणि त्यांच्या स्वतःच्या गावालाही ही रीत होतीच. माणूस गेला की त्याला बसवतात, कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष आणि हार, जणू आता उठून प्रवचन देईल असा. तसा बसलेला असताना एक फोटो काढतात, आणि तसाच बसलेला त्याला मातीत ठेवतात. सरांनी या रीतीवर एकदा लेखही लिहिला होता. छापून आला नाही.

“बाबा म्हणायचे, या लोकास्नी भक्क उजेड सोसत न्हाई, आवाज सोसत न्हाई. ह्यो कॅमेरा गप हाय. लई वर्सं तेवढंच काम त्याला.” वीरप्पा सांगण्याच्या नादात होता. “सर, त्या रोलवर शेवटचे म्हंजे तुमचे सासरेच की. कोरोनाचा पैला उन्हाळा. त्यांच्यानंतर बाबा कुठं गेलेच न्हाईत फोटोला. गर्दी करायची न्हवती म्हणून एकच काढून आले हुते.”

सरांच्या मनात त्या वेळी एक हिशेब चालला होता आणि तो त्यांना आवडत नव्हता.

“वीरप्पा, एक सांग. तुझे बाबा फोटो काढला की रोल लगेच पुढं सरकवायचे की नंतर?”

“नंतर. मयताच्या घरात खुंटी फिरवायची न्हाई, ही त्यांची रीत हुती. घरात रडारड चाललेली, आन् आपण कर्र कर्र वाजवायचं, म्हंजे घाई केल्यावानी दिसतंय म्हणायचे. चला, पुढचा कोण, असं म्हणल्यावानी. दुसऱ्या घरी गेल्यावर, दुसऱ्याला बसवला की मग फिरवायचे. का हो?”

“काही नाही. असंच. शास्त्रीय कुतूहल.”

फोन ठेवून सर पलंगावर बसले. कॅमेरा आला तेव्हा लाल खिडकीत जो सात दिसत होता, तो पुढच्या माणसाची वाट बघत नव्हता. सातव्या चौकटीत कुणीतरी आधीच बसलेलं होतं. भस्म लावून, हार घालून. आणि सरांनी खुंटी न फिरवता, त्याच चौकटीत, त्याच्या मांडीवर आपली बायको बसवली होती.

पहिले सहा मयत. सातवा मयत. त्याच सातव्यात शिवकन्या. ऑपरेशन येत्या सोमवारी.

सर उठले, कॅमेरा कपाटावर ठेवला आणि त्यावर टॉवेल टाकला.

यापुढचे दिवस त्यांनी स्वतःला विज्ञान शिकवण्यात घालवले. चांदीच्या क्षारावर प्रकाश पडतो, रासायनिक बदल होतो, एवढंच. एका पट्टीवर दोनदा प्रकाश पडला. याचा झडपेशी संबंध नाही. हा पाठ त्यांनी वर्गात जितक्या ठणकावून घेतला असता तितक्या ठणकावून घेतला, आणि समोरचा एकमेव विद्यार्थी मान हलवून पुन्हा कपाटाकडं बघत राहिला. बाई झोपल्या की ते त्यांचा श्वास ऐकायला लागले. बाई जाग्या असल्या तरी ऐकायला लागले. त्या ओट्याशी उभ्या असल्या की हे दारात.

“काय पायजे?”

“पाणी.”

“आत्ताच पिलात.”

“उन्हाळा आहे.”

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरच्या चौकात कुणीतरी उतरून टाकलेलं लिंबू पडलं होतं. सर दूध घेऊन येत होते. ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेले. चहावाल्यानं ते पाहिलं आणि हातातली किटली खाली ठेवली.

*

गुपित फुटलं ते विरेशमुळं. वीरप्पानं त्याला सांगितलं, त्यानं अक्काला फोन केला. मात्र त्याला ठाऊक होतं एवढंच, की अण्णांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, शेवटचा फोटो त्या कॅमेऱ्यात आहे.

हे शिवकन्याबाईंना कळलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. अण्णा गेले तेव्हा रस्ते बंद होते. मुरुम ते धाराशिव हा काही परदेश नव्हे, पण त्या उन्हाळ्यात झाला होता. परवानगीचा पास हातात आला तेव्हा अण्णांना माती देऊन झाली होती. विरेशनं मोबाईलवर फोटो काढले होते, ते पुढच्याच महिन्यात मोबाईलसकट विहिरीत पडले. शिवलिंगप्पा ‘धुवून देतो, देतो’ म्हणत स्वतःच गेला. अण्णांचा शेवटचा चेहरा बाईंनी पाहिलाच नव्हता. याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत, म्हणून सरांना वाटे की ते मिटलं.

बाईंनी तवा उतरवला, पिठाचा हात तसाच घेऊन त्या आतल्या खोलीकडं आल्या, आणि दारातच थांबल्या.

सर खिडकीपाशी उन्हात उभे होते. कॅमेरा त्यांच्या हातात होता आणि अंगठा पाठीच्या कडीवर. कडी उघडायला क्षणाचाही अवधी लागला नसता. रोलवर ऊन पडलं असतं, मयत-बियत, टाकी-बिकी सगळं एकदम जळून गेलं असतं, आणि सातव्या चौकटीत कुणीच कुणाच्या मांडीवर राहिलं नसतं. सर कितीतरी वेळ असे उभे होते. अंगठा पांढरा पडला होता.

“काय करताय?”

“साफ करतोय.”

“त्यात अण्णा हायेत.”

सरांनी अंगठा काढला. मग त्यांना सांगावंच लागलं. शिवलिंगप्पाची खुंटी न फिरवायची रीत, सात आकडा, एकाच चौकटीतले दोघं. सांगताना त्यांचा आवाज वर्गातला राहिला नाही. शेवटी ते म्हणाले, “मला काही वाटत नाही त्याचं. तुला वाटेल म्हणून म्हटलं.”

बाई खाटेच्या कडेला बसल्या. थोडा दम घेतला.

“लिंबाचं सरबत पिणारा माणूस,” त्या म्हणाल्या.

“शिवकन्या, सोमवार होऊ दे. आल्यावर धुवू.”

“आन् न्हाई आले तर?”

सर टॉवेलाची घडी घालायला लागले.

“मलाबी भ्या वाटतंय,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला काय वाटलं, तुम्हालाच वाटतंय? पण तुमी सारखं पाणी पीत दारात उभे ऱ्हाता, मग मी कुठं उभी ऱ्हाऊ? मला अण्णांना बघून जायचंय. त्यांच्या मांडीवर बसलेली असंन तर असू द्या. ल्हानपणीबी बसतच होते.”

*

शनिवारी दुपारी अडगळीच्या खोलीची काळी खोली झाली. झरोक्यात गोधडी कोंबली, दाराच्या फटींना बाईंच्या जुन्या काळ्या साडीच्या पट्ट्या लावल्या. रोल धुवायची औषधं पुण्याहून आलीच होती. ती माठाच्या पाण्यात कालवून बाहेर परातीत ठेवली. काम अवघड नव्हतं. पूर्ण अंधारात रोलचा कागद सोडवायचा, पट्टी एका प्लास्टिकच्या चक्रीत सरकवायची, चक्री डब्यात घालून झाकण लावायचं, की मग उजेडात यायचं. दाढीवाल्या पोरानं हे व्हिडिओत डोळे मिटून करून दाखवलं होतं. सरांनी टाकीनंतरच्या रिकाम्या चौकटी खुंटी फिरवून संपवल्या, आणि ते आत गेले.

“मी हितंच दारापाशी बसते,” बाई म्हणाल्या. “बोलत ऱ्हाते.”

दार लागलं. अंधार असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे हातानं चाचपून बघावं लागेल. कागद सुटला. पट्टी हाताला लागली, गार, निसरडी, सापाच्या कातीसारखी, आणि इतकी वर्षं गुंडाळून राहिल्यानं पुन्हा पुन्हा स्वतःभोवती गुंडाळत होती. सरांना आठवलं की हिच्यावर सात माणसं बसलेली आहेत. ते विज्ञानाला धरून नव्हतं, पण अंधारात विज्ञान दिसत नाही.

“गेलं का आत?” दाराबाहेरून आवाज.

“जातंय.”

चक्रीत पट्टी थोडी सरकली, अडकली. परत काढली. घामानं बोटं चिकटत होती. बाहेर बाई अण्णांचं काहीतरी सांगत होत्या. लोहाऱ्याच्या बाजारातून बैल आणला आणि तो अर्ध्या वाटेत बसला, ते. दर दोन वाक्यांनी त्या थांबत आणि श्वास घेत. सरांना तो श्वास दारापलीकडून ऐकू येत होता, जुन्या भात्यासारखा. त्याच्या तालावर ते पट्टी सरकवत होते. एक चौकट. दुसरी. आता अर्धी पट्टी चक्रीत होती, अर्धी सरांच्या हातात.

आणि बैलाची गोष्ट थांबली.

सर थांबले. कान दिला. श्वासही नव्हता.

“मग? उठला का बैल?”

काही नाही.

“शिवकन्या?”

अंधारात स्वतःच्याच कानातलं रक्त वाजत होतं. घरात दुसरा आवाज नव्हता. सरांच्या डोळ्यांसमोर लाल खिडकी आली, तिच्यातला सात आला, आणि तो कर्र कर्र करीत सरकायला लागला.

“शिवकन्ये!”

दार उघडलं तर पट्टीवर उजेड. अण्णांचा चेहरा गेला, तो जगात दुसरीकडं कुठं नाही. नाही उघडलं तर. पुढचं वाक्य सरांनी पुरं केलं नाही. त्यांच्या हातून चक्री निसटून खाली पडली, मूठ पट्टीवर आपोआप आवळली, आणि त्यांनी खांद्यानं दार उघडलं. काळ्या साडीच्या पट्ट्या टर्र करून सुटल्या. दुपारचं ऊन खोलीत घुसलं.

दारापाशीचं स्टूल रिकामं होतं.

बाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या. दूध उतू गेलं होतं, गॅस बंद होता. त्या चार पावलं धावल्या होत्या आणि आता त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक हात वर केला, आहे, आहे, असा. सर त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले. कितीतरी वेळ दोघंही नुसते श्वास घेत होते. एकीचा झडपेमुळं फुलला होता, एकाचा उगाच.

मग बाईंची नजर सरांच्या मुठीकडं गेली. मुठीच्या दोन्ही बाजूंनी पट्टीची टोकं बाहेर आली होती.

“दार उघडलंत?”

“तू ओ दिली नाहीस.”

बाई उतू गेलेल्या दुधाकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी आलं. ते त्यांनी पिठाच्या डब्याकडं वळून पुसलं. सरांना वाटलं, त्यांनी रागावावं. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“मुठीतलं तरी धुवा,” त्या शेवटी म्हणाल्या. “मूठ उघडू नका. तशीच न्या आत.”

*

पट्टी धुतली, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून काढली आणि अंगणातल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यानं लावली. पहिल्या सहा चौकटी काळ्याकुट्ट. ती सहा माणसं दुसऱ्यांदा गेली. शेवटाकडं पाण्याची टाकी मात्र अगदी स्वच्छ आली होती. तिच्या आधीची चौकट अर्धी मुठीबाहेर होती, अर्धी मुठीत.

सरांनी मोबाईलवर तिचा फोटो काढून काळ्याचं पांढरं केलं. वरचा भाग पांढराफट्ट होऊन गेला होता. तिथं दोन चेहरे होते. भुवईचा एकही केस मोजता येत नव्हता. पण खालचा भाग राहिला होता. खुर्चीचे हात. लाकडी खुर्चीचे, आणि त्यातूनच आरपार प्लास्टिकच्या खुर्चीचे. मांडीवर ओघळलेली रुद्राक्षांची माळ, आणि तिच्याखाली की वर, सांगता येत नव्हतं, सुती साडीची किनार. मधोमध हात. बांगड्यांचे दोन, आणि त्या दोन हातांवर दुसरे दोन, म्हातारे, धुरासारखे.

बाईंनी मोबाईल डोळ्यांशी नेला.

“करंगळी बघा. कडबा कुट्टीच्या मशिनीत गेलेली.” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “अण्णाच. माझा हात धरलाय बघा.”

सरांनी पाहिलं. खरंच धरला होता. सरांना तेच बघवत नव्हतं. भस्म लावून निघालेला माणूस कुणाचा हात धरतो, तर कशासाठी धरतो? त्यांनी मोबाईल उलटा ठेवला.

“काय झालं?”

“काही नाही.”

“न्यायला आलेत, असं वाटतंय का तुम्हाला?”

सरांनी आकाशाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत भुताखेतांवर त्यांनी जे जे बोलून ठेवलं होतं त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

“अण्णांनी जन्मात मला कुठं नेलं न्हाई,” बाई म्हणाल्या. “येडेश्वरीच्या जत्रेला नेतो म्हणायचे. दर साली म्हणायचे, पुढच्या साली. आता बरं नेतील.”

आणि त्या हसल्या. हसताना मध्ये श्वासासाठी थांबल्या, आणि परत हसल्या.

*

सोमवारी सकाळी सोलापूरच्या दवाखान्यात स्ट्रेचर आलं तेव्हा सरांच्या खांद्याला कॅमेरा होता. नवा रोल, पहिला आकडा. त्यांनी तो आणला नव्हता, बाईंनी आणायला लावला होता.

“काढा एक.”

“इथं?”

“भिंतीसाठी न्हाई. असाच.”

सरांनी मान खाली घातली. काचेत शिवकन्या हिरव्या चादरीखाली होती, लहान, लखलखीत, टोपी घातलेली. या वेळी ती चौकटीबाहेर गेली नाही. सरांनी बटन दाबलं. टिक.

मग हात खुंटीकडं गेला आणि तिथंच राहिला. फिरवावी, तर शिवकन्या कर्र कर्र करीत मागं पडते, चला, पुढचा कोण. न फिरवावी, तर ती शिवलिंगप्पाची रीत झाली, मयताच्या घरची. विज्ञानात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. सर विचार करीत उभे राहिले, आणि वॉर्डबॉयनं ब्रेक सोडला. स्ट्रेचर गेलं. दार मिटलं. दारावर लाल दिवा लागला, शेंगदाण्याएवढा.

सर बाकावर बसले. पुन्हा एक दार, आणि पलीकडचा श्वास ऐकू येत नव्हता. हे दार खांद्यानं उघडायचं नव्हतं. शेजारी विरेश येऊन बसला होता. तो म्हणाला, “दाजी, पाणी पिता?” सर म्हणाले, नको. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तहान नव्हती. दुपार झाली. दार तीनदा उघडलं, तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं गेलं, आणि तिन्ही वेळा सर उठून उभे राहिले. अंगठा खुंटीवर होता, पण त्यांनी ती फिरवली नाही. उलटीकडंही नाही, सुलटीकडंही नाही. लाल खिडकीत एक होता, तो एकच राहिला.

चौथ्यांदा नाव शिवकन्याबाईंचं होतं. झडप बसली, डॉक्टर म्हणाले. आता पुढचे दोन दिवस बघायचे. सरांनी ‘बघू’ म्हटलं आणि परत बाकावर बसले. ते दोन दिवसही कॅमेरा मांडीवरच होता. विरेशनं एकदा तो बाजूला ठेवायला हात पुढं केला, तर सर त्याच्यावर असे काही डाफरले की तो माफी मागून चहाला गेला.

खोलीत आणल्यावर बाईंनी डोळे उघडले. घशात नळी घालून काढल्यानं आवाज फुटत नव्हता. त्यांनी छत बघितलं, सलाईन बघितलं, मग सरांची वाढलेली दाढी, मग मांडीवरचा डबा. ओठ हलले. सर वाकले.

“...सरकवलं का?”

“काय?”

“खुंटी.”

सरांनी मान हलवली. नाही.

बाईंनी डोळे मिटले. पण त्या फक्त दम घेत होत्या, पुढच्या वाक्यासाठी.

“मग सरकवा की. का माझ्यावर आता टाकी बसवताय?”

सरांनी खुंटी धरली. त्यांनी ती सावकाश फिरवली. कर्र. मग कर्र, कर्र. शांत खोलीत तो आवाज एवढा मोठा झाला की बाहेरून जाणारी नर्स दारात थांबली.

“आजोबा, काय वाजतंय ते?”

सर मान खाली घालून लाल खिडकीत बघत होते. तिथं दोन यायला अजून थोडं फिरवायचं राहिलं होतं.